रोज सकाळी एक वाक्य

दवाखान्यात सगळ्यात घाईत कोण असतं, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, सुट्टी मिळालेला पेशंट. कागद हातात पडला की त्याचं मन आधी घरी पोचलेलं असतं. पिशवी भरलेली, चप्पल पायात, खाली जीप उभी. अशा माणसाला धरून बसवायचं आणि त्याला सांगायचं की बाबा, आजार संपलेला नाही, आता कुठं सुरू झालाय, हे माझं काम होतं. शेवटची बारा वर्षं मी तेच केलं. त्याआधी मी वॉर्डात सिस्टर होते. नर्सिंग अंबाजोगाईला शिकले, नोकरी जिल्हाभर फिरून केली आणि गुडघे बोलायला लागले तेव्हा साहेबांनी मला बीडच्या दवाखान्यात एक टेबल, तीन खुर्च्या आणि बीपीचं यंत्र देऊन कोपऱ्यात बसवलं. दारावर ‘समुपदेशन’ अशी पाटी लागली. ती वाचून एकदा एक आजोबा जमिनीच्या वादाचे कागद घेऊन आले होते.

माझ्याकडे बीपीचे, शुगरचे, सगळेच यायचे. पण माझा जीव गुंतायचा तो लकव्याचा हलका झटका येऊन बऱ्या झालेल्यांत. आपल्याकडे ‘वारं गेलं’ म्हणतात. मी त्यांना सांगायची, वारंबिरं काही नाही. ठिबकच्या नळीत खडा अडकला की पुढचं झाड सुकतं ना, तसं मेंदूतल्या बारीक नळीत रक्ताची गुठळी अडकते. तुमचा खडा लहान होता, निघून गेला, झाड वाचलं. पण नळी तीच आहे आणि पाणीही तेच आहे. म्हणून बीपीची गोळी रोज, बरं वाटलं तरी रोज. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज. मीठ कमी, तंबाखू बंद, चालणं चालू. आणि लकवा जावा म्हणून कबुतराच्या रक्तानं मालिश करून घेण्यापेक्षा कबुतराला उडू द्या.

हे सांगायला सोपं वाटतं. मला नीट सांगायला शिकवलं ते एका शिंप्यानं, आणि त्याची किंमत त्यानं मोजली. सुरुवातीच्या वर्षातली गोष्ट. माणूस हसरा, झटका अगदी हलका, चार दिवसांत हात पूर्ववत. घाबरला होता म्हणून धीर द्यायला मी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं आणि म्हणाले, किरकोळ होतं हो, एवढंस्सं. तो खूश होऊन गेला. दोन-अडीच महिन्यांनी त्याला खाटेवर घालून आणलं. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. गोळ्या कधी बंद केल्या, असं मी त्याच्या बायकोला विचारत होते. तेवढ्यात त्यानं डावा हात उचलला आणि अंगठा-बोट जवळ आणून मला दाखवलं. एवढंस्सं. त्यात राग नव्हता. तो मला फक्त कारण सांगत होता. त्या दिवसापासून ‘किरकोळ’ हा शब्द मी भाजी घेतानासुद्धा वापरत नाही.

मग मी माझी पद्धत बदलली. पेशंटला एकट्याला सांगायचं नाही. घरात त्याच्याजवळ जो राहतो, त्याला समोर बसवायचं आणि त्याच्याकडून करून घ्यायचं. रोज सकाळी तीन गोष्टी. एक, त्याला हसायला लावायचं. तोंड एका बाजूला ओढतंय का बघायचं. दोन, डोळे मिटून दोन्ही हात वर धरायला लावायचे. एक हात खाली येतो का बघायचं. तीन, एक पूर्ण वाक्य बोलायला लावायचं. जीभ जड आहे का ऐकायचं. तिन्हींत एक जरी बिघडलं, तर असाल तिथून गाडी धरायची. साडेचार तासांच्या आत पोचलात तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. त्यानंतर ते हाताशी असून उपयोग नसतो.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले, त्या सोजरबाई आणि भिवाजी मामा.

चौसाळ्याच्या पुढं आत माळावर त्यांची वस्ती. चाळीसेक मेंढरं, एक कुत्रा, आणि ही दोघं. मुलगा-सून पुण्याकडं कंपनीत. मामा साठीच्या पुढचे, काटक, डोक्याला गुंडाळलेलं मुंडासं दवाखान्यातही न सोडणारे. झटका हलका होता, पण आले दुसऱ्या दिवशी. उजवा हात थोडा ढिला, जीभ थोडी जड, एवढ्यावर निभावलं. पाचव्या दिवशी सुट्टी झाली आणि दोघं माझ्या टेबलासमोर येऊन बसले. समोरच्या खुर्च्या दोनच, त्याही मी जवळ लावलेल्या. सोजरबाईंनी आपली खुर्ची उचलून हातभर लांब ठेवली. मला वाटलं, जुन्या वळणाची बाई आहे, लाजते.

मी माझं सगळं सांगितलं. मग म्हणाले, मावशी, आता तुम्ही करून दाखवा. मामांना म्हणा, हसा.

त्या गप्प.

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. त्या म्हणाल्या, “तुमीच म्हना, शिष्टर.” मी समजावलं की मी काही माळावर येणार नाही, रोज तुम्हालाच म्हणायचं आहे. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मामा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते. शेवटी तेच बोलले, जड जिभेनं, हवापाण्याचं सांगावं तसं.

“ती माझ्यासंगं बोलत न्हाई. अकरा वर्सं झाले.”

मी मामांना व्यायामाच्या खोलीकडं पाठवलं आणि मावशींसाठी चहा मागवला. चहा घेता घेता त्यांनी सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई पाटोद्याकडच्या गावी शेवटच्या घटका मोजत होती. त्यांचा भाऊ चौसाळ्याच्या बाजारात भिवाजी मामांना भेटला आणि म्हणाला, अक्काला लगेच पाठवा, आई तिचं नाव घेती. मेंढ्या व्यायच्या दिवसांत होत्या. रोज दोन-तीन मेंढ्या व्यायच्या. बायको गेली तर एकट्यानं कसं सावरायचं, म्हणून मामा दोन दिवस बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सांगितलं. त्या पोचल्या तेव्हा आईला माती देऊन माणसं परतत होती.

“परत आले,” मावशी म्हणाल्या, “आन येवढंच म्हनले त्यास्नी, तुमी मला मेंढराएवढं बी धरलं न्हाई. ते शेवटचं.”

त्यानंतर भाकरी वेळेवर, पाणी वेळेवर, कपडे धुतलेले, आजारपणात उशाशी बसलेल्या. फक्त शब्द नाही. जेवण झालं की कुत्र्याला सांगायच्या, मोत्या, भाकर झाली म्हनावं. मामाही मोत्याला म्हणायचे, आलो म्हनावं. मुलाचं लग्नसुद्धा असंच पार पडलं. मी विचारलं, मामांनी कधी माफी मागितली नाही? त्यांनी मान हलवली. धनगराचा गडी, म्हणाल्या, काठी वाकंल पर ह्यो न्हाई.

मग त्यांनी कप बाजूला सरकवला. झटका आला त्या सकाळचं त्यांनी न विचारता सांगितलं. मामांच्या हातातून भाकरीचा तुकडा खाली पडला होता. चहा ओठांच्या कडेनं गळ्यावर ओघळला होता. त्यांनी बघितलं होतं. पण विचारायचं म्हणजे बोलायचं. म्हणून विचारलं नाही. मामा तसेच मेंढरं घेऊन माळावर गेले, पाय ओढत. सांजच्याला चुलत दीर भेटायला आला आणि म्हणाला, काय बे भिवा, तोंड कावून वाकडं? तेव्हा कळलं.

“मी इचारलं असतं तर सकाळीच आलो असतो,” त्या म्हणाल्या. “माझ्या न बोलन्यानं मानूस गेलं असतं, शिष्टर.”

तुमचं काही चुकलं नाही, असं म्हणायचा मोह झाला. पण शिंपी आठवला. खोटा धीर द्यायचा नाही, असं मी स्वतःला बजावून ठेवलेलं होतं. मी म्हणाले, मावशी, तुम्ही त्यांच्याशी बोला असं मी म्हणत नाही. ते तुमचं तुम्ही बघा. पण ही तीन वाक्यं औषध समजा. गोळी देता तशी सकाळी द्यायची. हसा. हात वर करा. बोला.

त्यांनी खात्री करून घेतली. “म्हंजी हे बोलनं धरायचं न्हाई?”

“नाही. हे औषध.”

“मंग देते. त्येच्यावर एक शबुद न्हाई.”

तिसऱ्या गोष्टीसाठी एक वाक्य ठरवून घ्या, मी सांगितलं. रोज तेच ठेवलं की फरक लगेच कळतो. ‘मी मेंढरं घेऊन माळावर चाललो’ असं काहीतरी. कुठलं बी चालंल का, त्यांनी विचारलं. चालेल, मी म्हणाले. बघते, म्हणाल्या. मामा परत आले, दोघं जीपकडं गेले. एक पुढं, एक मागं.

पंधरा दिवसांनी तपासणीला आले. बीपी खूप खाली आलेलं. गोळ्यांची पाकिटं बघितली, एकही चुकलेली नव्हती. तंबाखू पूर्ण सुटली नव्हती, पण डबी मावशींच्या कनवटीला गेली होती. मी खूश होऊन म्हणाले, आता सकाळचं तपासणं करून दाखवा.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर दोघं समोरासमोर बसले. मावशींनी पदर नीट केला.

“हसा.”

मामा हसले. तोंड सरळ होतं.

“हात.”

डोळे मिटून दोन्ही हात वर. मावशी ओठांत दहापर्यंत मोजत होत्या. हात हलले नाहीत.

“बोला.”

मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. आणि सावकाश, एकेक शब्द दगडासारखा उचलत म्हणाले, “तुजी माय तुला शेवटची दिसली न्हाई, ते माद्यामुलं. चुकलं माजं.”

मला कुठं बघावं कळेना. मावशी मात्र दूध नासलं का बघावं तशा कान देऊन ऐकत होत्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “बाकी साफ आलंय. ‘माझ्यामुळं’ आजून अडकतंय बगा.”

हे वाक्य कुणी ठरवलं, मी विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमीच म्हनला व्हता, कुटलं बी चालंल.”

मावशी औषधाच्या खिडकीशी रांगेत गेल्या तेव्हा मी मामांजवळ बसले. औषधाच्या नावाखाली मी ह्या माणसाला रोजची शिक्षा तर लावून दिली नाही ना? त्यांना म्हणाले, मामा, जड जात असेल तर सांगा, मी वाक्य बदलायला लावते. त्यांनी मुंडाशाचं टोक चिमटीत फिरवलं.

“पयल्या दिशी जीब उचलंना,” ते म्हणाले. “लकव्यानं का लाजंनं, ते मला बी कळंना. आता उचलती. ऱ्हाऊ द्या.”

मी काही बदललं नाही. रोजनिशीत लिहिलं, ‘उच्चार सुधारत आहे.’

त्यानंतर दोनदा आले, दोन्ही वेळा सगळं ठीक. ‘माझ्यामुळं’ही सुटं झालं होतं. पण घरात बाकी शब्द नव्हताच. मी एकदा चाचपून बघितलं, तर मावशी म्हणाल्या, औषदाचं तेवढं बोलते. मोत्याचं काम चालू होतं.

दसरा होऊन गेला होता. सकाळी मी दवाखान्यात पोचून नुकती खुर्चीवर टेकले होते, तोच दाराशी दुधाची गाडी थांबली. हौद्यात भिवाजी मामा, त्यांचं डोकं मावशींच्या मांडीवर. स्ट्रेचर येईपर्यंत मावशींनी त्यांचं मनगट सोडलं नाही. तरुण डॉक्टर धावत आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, हे शेवटचे नीट कधी होते?

“कासराभर दिवस वर आलता,” मावशी म्हणाल्या. “तवा च्या घेतला, चांगले व्हते. मेंढरं सोडायच्या आदी मी तपासलं, तवा बिगडलं.”

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. ते मोठ्या शहरातून आलेले, कासरा म्हणजे बैलाची लांब दोरी, तेवढा सूर्य वर आलेला, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. मी हिशेब केला आणि सांगितलं, सात, फार तर सव्वासात. घड्याळात पावणेनऊ होत होते. वेळ होती. भरपूर वेळ होती. माझ्या नोकरीत इतक्या लवकर कुणी माळावरून आलेलं मी पाहिलं नव्हतं.

स्कॅन झालं, इंजेक्शन सुरू झालं आणि मग मावशी माझ्या खोलीत येऊन पहिल्यांदा खाली बसल्या, फरशीवरच. सकाळचं त्यांनी सांगितलं ते असं. हसा म्हणाल्या, मामा हसले, थोडं कमी. हात वर केले, उजवा जरा रेंगाळला. बोला म्हणाल्या, तर ‘तुजी माय’ एवढं आलं आणि पुढं नुसतं बोबडं. मावशींना क्षणभर वाटलं, आज ह्याला कंटाळा आला. चार महिने म्हणून म्हणून आता ढोंग करतोय. त्या चिडल्या.

“आन म्हनले त्यास्नी, नीट बोला की.”

हे औषधाबाहेरचं होतं. अकरा वर्षांत पहिलं. मामांनी पुन्हा प्रयत्न केला. शब्द आला नाही, पण डोळे भरून आले. मावशी म्हणाल्या, त्यो मानूस ढोंग करील, पर डोळ्यात पानी आननार न्हाई. त्याच पावली त्या उठल्या. मेंढरं वाड्यातच ठेवली. शेजारची बाई पाणी घेऊन धावली, कुणी कांदा आणला, कुणी कबुतराचं नाव काढलं. मावशींनी सगळ्यांना बाजूला सारलं. तोंडात काहीही घालायचं नाही, घशात अडकतं, हे मी सांगितलेलं त्यांना पाठ होतं. चुलत दिराच्या मोटारसायकलवर मामांना दोघांच्या मधे धरून रस्त्याला आणलं. रोजची दुधाची गाडी येतच होती. मांजरसुंब्याला गाडीवाला कॅन उतरवायला थांबणार होता. मावशी त्याला म्हणाल्या, बाबा, दूध नासलं तर नासू दे. तो थांबलाच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीला आले तेव्हा मीही वॉर्डात होते. मामा उशीला टेकून बसलेले. बोटांत थोडी कमजोरी राहिली होती, ती पुढंही राहिली, पण बाकी माणूस जागेवर आला होता. डॉक्टरांनी हसायला सांगितलं, हात वर करायला सांगितले. मग म्हणाले, बाबा, आता एखादं वाक्य बोला. कुठलंही.

मामांना एकच वाक्य सवयीचं होतं. डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत त्यांनी ते सगळंच्या सगळं म्हटलं, माय, शेवटचं न दिसणं, माझ्यामुळं आणि चुकलं. स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता. डॉक्टर गोंधळले. “काय चुकलं, बाबा?” त्यांनी विचारलं. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं वळून बघायला लागली. मामांची मान खाली गेली.

मावशी खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्या पुढं आल्या आणि मामांच्या अंगावरची चादर सारखी केली.

“बास झालं,” त्या मामांना म्हणाल्या. मोत्याला नाही, मला नाही, मामांना. “आता ह्ये वाक्य बंद.”

मी काहीतरी काम आठवल्यासारखं करून वॉर्डाबाहेर आले. परिचारिकेनं पेशंटसमोर रडू नये, असं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

माझ्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते तेव्हा दोघं शेवटचे तपासणीला आले. मामांचं बीपी घेतलं, छान होतं. सहज म्हणून यंत्राचा पट्टा मावशींच्या दंडाला गुंडाळला. आकडा बघून मी पुन्हा गुंडाळला, थोड्या वेळानं तिसऱ्यांदा. बीपी चढलेलं होतं आणि कधीपासून ते देवच जाणे. इतके महिने मी ह्या बाईला दुसऱ्याचं तपासायला शिकवत होते आणि तिचा दंड एकदाही हातात घेतला नव्हता. हे मला आजही बोचतं. मी त्यांना डॉक्टरांकडं पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या आणि मामांना समोर बसवून सगळं पहिल्यापासून शिकवलं. त्यांना शिकवायला फारसं काही लागलं नाही.

महिन्यानं गोळ्या न्यायला मावशी एकट्याच आल्या. मामा मेंढरांमागं होते. मी विचारलं, मामा सकाळी तपासतात का? तपासतात, म्हणाल्या. हसायला लावतात, हात वर करायला लावतात.

“आणि वाक्य? तुम्हाला कुठलं दिलंय?”

त्यांनी पदर तोंडाला लावला. साठीची बाई लाजली.

“मला न्हाई दिलं. म्हनले, तुला वाटंल ते बोल. मी ऐकतो.”

“मग काय बोलता?”

मावशींनी गोळ्यांची पिशवी उचलली. बाहेर जीपवाला आवाज देत होता.

“लई हाय, शिष्टर,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्साचं हाय. रोज वाईच वाईच बोलते.”